परसदारची कुंडी : मातीची, चिऱ्याची की प्लास्टिकची?

ऊस, पाणी आणि हप्ता या तीन विषयांनी आपल्या पत्रिकेची पाने नेहमीच भरलेली असतात, आणि ते योग्यही आहे. या खेपेस मात्र आम्ही फडाबाहेर आलो आहोत. कणकवली-वैभववाडीकडचा ऊस घाट चढून गाळपाला येतो, तिकडची आपली अनेक सभासद मंडळी सोयरिकीने मालवण, देवगड, वेंगुर्ल्याशी जोडलेली आहेत. घरासमोरच्या खळ्यात, पडवीत किंवा नव्याने ओतलेल्या स्लॅबवर चार कुंड्या ठेवायच्या झाल्या तर त्या कशाच्या घ्याव्यात, केवढ्या घ्याव्यात, ही विचारणा या मंडळींच्या घरातून नेहमी होते. विचारणाऱ्या बहुतेक माउल्याच असतात. विषय लहान वाटतो. पण बाजारात जाऊन पंधरा-वीस कुंड्या आणल्या, एप्रिलमध्ये निम्म्या वाळल्या आणि जुलैमध्ये उरलेल्या कुजल्या, असे झाले की गेलेला पैसा उसाच्याच बिलातून गेलेला असतो.

कोकणातल्या घराची पहिली कुंडी म्हणजे तुळशीवृंदावन. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते तेव्हा तिच्या शेजारी आपला ऊसच उभा केला जातो, त्यामुळे उत्पादकांना ही कुंडी परकी नाही. जुने वृंदावन चिऱ्याचे किंवा मातीचे, आत पोकळ आणि थेट जमिनीला लागलेले असे. वरून कितीही पाणी पडले तरी ते खाली जमिनीत जिरत असे. आज तयार वृंदावने मिळतात, सिमेंटची, फरशीची, रंगवलेली. दिसायला सुबक, पण त्यातल्या कित्येकांना बुडाशी भोकच नसते. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो सारा या हौदात साठतो, मुळांना हवा मिळत नाही आणि श्रावण लागेपर्यंत तुळस काळी पडते. मग घरात कुजबुज सुरू होते की तुळस का गेली, कोणाची दृष्ट लागली. दृष्ट कोणाची नसते, भोक नसते. वृंदावन विकत घेताना आत हात घालून बुडाशी किमान अंगठा जाईल एवढे भोक आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर गवंड्याकडून ते पाडून घेतल्याशिवाय माती भरू नये.

हेच सर्व कुंड्यांना लागू आहे. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या कुंड्यांना तर बुडाशी भोकांच्या नुसत्या खुणा असतात, पातळ पडदा तसाच राहिलेला असतो. सळई तापवून तो फोडावा लागतो. दुकानदार हे सांगत नाही.

आता आकाराचे. आमच्या मते कुंडीच्या निवडीत घरोघरी होणारी सर्वांत मोठी गफलत लहान कुंडी घेण्याची आहे. सहा इंची कुंडी आणि त्याच घाटाची बारा इंची कुंडी यांत फरक दुपटीचा नाही, आठपटीचा आहे. तोंड दुप्पट, लांबी-रुंदी दोन्हीकडून, आणि खोलीही दुप्पट. म्हणजे माती आठपट आणि ती धरून ठेवणारे पाणीही त्याच प्रमाणात. मे महिन्यात मालवणच्या खळ्यात सहा इंची कुंडीतली मिरची सकाळी पाणी घातले तरी दुपारी मान टाकते, बारा इंचीतली संध्याकाळपर्यंत तग धरते. दहा लहान कुंड्यांपेक्षा चार मोठ्या घ्याव्यात. पाणी वाहणारीचे हातही वाचतात.

मिरची, अबोली, तुळस यांना दहा इंच पुरे. मोगरा, वांगी, टोमॅटो यांना बारा. कढीपत्ता आणि कागदी लिंबू कुंडीतच ठेवायचे असेल तर अठरा इंचाच्या खाली जाऊ नये. लाल माठ, मेथी, कोथिंबीर यांना खोली लागत नाही, सहा इंच खोलीचे पसरट भांडे त्यांना बरे. आणि हल्ली काही घरांत झुडूपमिरी लावतात. मिरीच्या वेलाच्या फळफांदीचे कलम केले तर ते वर चढत नाही, झुडूप होऊन कुंडीतच मिरी धरते. माड-पोफळीच्या बागेची सावली ज्यांना नाही त्यांना ही चांगली सोय आहे. तिला बारा इंची कुंडी आणि दुपारची सावली द्यावी.

खोलीची एक गंमत सांगतो. भांडी घासण्याचा स्पंज पाण्याने तुडुंब भिजवून आडवा धरा, पाणी गळायचे थांबले की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, उंची वाढली म्हणून पाणी सुटले. कुंडीतली मातीही अशीच वागते. प्रत्येक कुंडीच्या तळाशी काही बोटे माती कायम ओलीगच्च राहते. उथळ भांड्यात हा चिखलाचा थर मुळांच्या जवळ येतो, खोल भांड्यात तो दूर राहतो. म्हणूनच तळाशी खडीचा किंवा खापऱ्यांचा जाड थर घालण्याची जी पद्धत पडली आहे ती आम्हाला पटत नाही. त्या थराने पाणी लवकर जात नाही, उलट चिखलाचा थर तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर कौलाचा एक तुकडा पालथा टाकावा, माती वाहून जाऊ नये इतपत. बाकी सगळी माती भरावी.

मातीची कुंडी चांगली की प्लास्टिकची, यावर घरात वाद होतात. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात, तिच्या अंगातून पाणी झिरपून उडते, त्यामुळे आतली माती गार राहते आणि मुळांना हवा मिळते. माठातले पाणी गार होते त्याचेच हे कारण. पावसाळ्यात हा गुण झाडाला वाचवतो. पण उन्हाळ्यात तोच गुण पाणी पितो. मातीच्या कुंडीला एप्रिल-मेमध्ये रोज, कधी दोनदा पाणी लागते. प्लास्टिकच्या कुंडीला त्यापेक्षा कमी पुरते, मात्र काळ्या प्लास्टिकवर पश्चिमेचे ऊन पडले की कड्याशेजारची मुळे भाजून निघतात. प्लास्टिक घ्यायचेच तर फिकट रंगाचे घ्यावे, किंवा कुंडीभोवती जुने गोणपाट नाहीतर माडाचा झाप गुंडाळावा.

आमचा कल मातीच्या कुंडीकडे आहे. त्याचे एक कारण खास समुद्रकाठचे आहे. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. सिंधुदुर्ग किल्ल्यात चारी बाजूंनी समुद्र असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत, पण तसे भाग्य प्रत्येक वाडीला नाही. (साखरेच्या कारखान्याला शोभेल असे नाव शिवकाळातल्या विहिरीला आहे, हे जाता जाता.) मचूळ पाणी कुंडीला घातले की पाणी उडून जाते आणि मीठ आत साठत जाते. पानांच्या कडा करपतात, लोकांना वाटते रोग पडला. मातीच्या कुंडीच्या अंगावर जो पांढरा थर चढतो तो याच क्षारांचा असतो. म्हणजे काही क्षार कुंडी बाहेर टाकते आणि दाखवतेही. प्लास्टिकमध्ये सगळे आतच राहते. पाणी मचूळ असेल तर थोडे थोडे शिंपडू नये. बुडातून पाणी वाहून जाईपर्यंत एकदम द्यावे, म्हणजे क्षार खाली धुतले जातात. पांढरा थर ब्रशने घासून काढावा. पहिला पाऊस या कुंड्यांना उघड्यावर खाऊ द्यावा, त्यासारखी धुलाई दुसरी नाही.

मातीची कुंडी घेताना माठ वाजवून घेतो तशी वाजवून घ्यावी. बोटाचे पेर मारले की टण्ण असा आवाज आला तर भट्टी नीट लागली आहे. थप्प असा बोदा आवाज आला तर ती कच्ची आहे किंवा तडकली आहे, एका पावसाळ्यात तिचे पापुद्रे निघतील. अंगात पांढरे खडे दिसले तर ती नको. ते चुनखडीचे असतात, ओल लागली की फुगून कुंडीचे टवके उडवतात. घाटही पाहावा. पोट मोठे आणि तोंड लहान अशी कुंडी दिसते सुरेख, पण दोन वर्षांनी झाड काढायचे म्हटले की कुंडी फोडावी लागते. तोंड रुंद आणि बूड त्याहून निमुळते असावे. बाहेरून गेरू लावावा, ऑइलपेंट लावू नये. ऑइलपेंटने छिद्रे बुजतात, मग मातीची कुंडी घेऊन काय मिळवले? कुंभाराचा व्यवसाय टिकायला हवा, असेही आम्हास वाटते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे आणि त्या भागातली माती कुंड्या-कौलांसाठी नावाजलेली आहे. पण गावचा कुंभार जवळ असेल तर आधी त्याच्याकडे जावे. गणपती आणि पणत्यांव्यतिरिक्त त्याच्याकडे कोणी जातच नाही. माप सांगितले की तो हव्या त्या उंचीची कुंडी घडवून देतो, भोकेही तीन पाडून देतो.

सिमेंटची कुंडी जड आणि टिकाऊ. वाऱ्याला ती हलत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा स्लॅबवरच्या हलक्या वस्तूंचे काय होते हे किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिले आहे. पण समुद्रकाठी सिमेंटमध्ये घातलेली तार खाऱ्या हवेने गंजते, फुगते आणि कुंडीला चिरा पाडते. तार न घातलेली, जाड अंगाची कुंडी मिळाली तर पाहावी. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, म्हणून आठ-पंधरा दिवस ती पाण्याने भरून ठेवावी आणि पाणी अधूनमधून बदलावे. स्लॅबवर ठेवण्याआधी वजनाचा हिशेब करावा. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह वीस किलोच्या वर जाते. अशा पंचवीस कुंड्या म्हणजे अर्धा टन. त्या मधोमध न मांडता भिंतीच्या आणि तुळईच्या अंगाने मांडाव्यात.

चिऱ्याबद्दल मात्र भरभरून सांगावेसे वाटते. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातला हा तांबडा दगड पाहून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. लॅटिन भाषेत विटेला लेटर म्हणतात, त्यावरून. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. घर बांधून झाले की मालवणात दहा-वीस चिरे मागे उरतातच. चार चिरे आडवे मांडून मध्ये माती भरली की झाला वाफा. ना भोकाची काळजी, ना सिमेंटची. सांध्यांतून जास्तीचे पाणी निघून जाते, चिरा ओल धरतो. जमिनीवरच ठेवायचे असेल आणि हलवायचे नसेल तर याहून चांगली आणि स्वस्त कुंडी आम्ही पाहिली नाही. जुन्या घरामागे चिऱ्याची डोण पडलेली असेल, गुरे आता नाहीत म्हणून रिकामी, तर तिला तळाशी भोक पाडून अळू लावावे. अळूला ओल हवीच असते.

एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला सरळ विचारले, "कुंडी इकत घेवची कित्याक? सोडणांचो ढीग पडलो आसा मांगराकडे." तिचे म्हणणे खोटे नव्हते. नारळाची सोडणे कुंडीच्या आत कडेने उभी लावली की ती पाणी शोषून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, उन्हाळ्यात मातीच्या कुंडीचा दोष त्याने झाकला जातो. करवंटीला भोक पाडून त्यात मिरची-वांग्याची रोपे वाढवता येतात. काथ्याचा भुसा मातीत मिसळायलाही उत्तम. फक्त खाडीत कुजवलेल्या सोडणाचा भुसा असेल तर त्यात मीठ असते, तो गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्यावा. समुद्राची वाळूही याच कारणासाठी कुंडीत घालू नये.

भरायची माती म्हणाल तर नुसती तांबडी माती कुंडीत दगडासारखी आवळते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा प्रेसमडचे कंपोस्ट आणि एक भाग धुतलेला काथ्याचा भुसा हे प्रमाण धरावे. ताजी प्रेसमड थेट कुंडीत घालू नये. ती कुजताना तापते आणि मुळे जाळते. वरून आपल्या उसाच्या पाचटाचे तुकडे दोन बोटे पसरावेत. खोडव्यात पाचट ठेवण्याचे फायदे या पत्रिकेत वेळोवेळी येतातच, कुंडीलाही तेच फायदे मिळतात.

रिकाम्या पिशव्या आणि डबे प्रत्येक सभासदाच्या घरी असतात. खताच्या आणि साखरेच्या विणलेल्या पोत्यांत सुरण, हळद, आले छान येते. पोत्याचा काठ बाहेर दुमडावा, तळाशी आणि बाजूने भोके पाडावीत. उन्हाने हे पोते हंगाम-दोन हंगामांत फाटते आणि त्याचे तंतू मातीत मिसळतात, म्हणून ते सुटू लागण्याआधी बदलावे. तेलाचा पंधरा किलोचा डबा घाटावर बरा टिकतो, मालवणच्या हवेत तो लवकर गंजतो. गंजला तरी झाडाला अपाय नाही, लहान मुलांच्या हातापायांना आहे.

पण एका डब्याबद्दल आम्ही कळकळीने सांगतो. तणनाशकाचे आणि कीटकनाशकाचे रिकामे डबे, कॅन कुंडीसाठी मुळीच वापरू नयेत. उसात आपण टू-फोर-डी, ॲट्राझिन मारतो. ऊस गवताच्या कुळातला, तो हे सोसतो. मिरची, वांगी, टोमॅटो ही रुंद पानांची झाडे टू-फोर-डीच्या अंशानेही वळतात, पाने दोरीसारखी पिळतात. धुतला म्हणून कॅन स्वच्छ होत नाही, औषध प्लास्टिकच्या अंगात शिरलेले असते. आणि झाड जगले तरी त्याला लागलेली मिरची पोरांच्या ताटात जाते. असे कॅन तीनदा धुऊन, ते पाणी पंपात ओतून, मग कॅनला भोसकून निकामी करावे, म्हणजे कोणी त्यात पाणीही भरणार नाही. गाडीच्या जुन्या बॅटरीची पेटी हीसुद्धा तशीच. काहीजण ती कापून शोभेचे झाड लावतात. त्यात शिसे असते. ती भंगारवाल्याकडेच जावी.

कुंडीचा धडा फळबागेलाही लागतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणात काजू-आंब्याच्या कलमांच्या रोपवाटिका गावोगाव उभ्या राहिल्या. कलम येते ते काळ्या पिशवीत, आणि पिशवी म्हणजे कुंडीच. त्यात रोप जास्त दिवस राहिले की मूळ तळाशी जाऊन गोल गोल फिरते. तसेच लावले तर ते झाड जमिनीतही त्याच फेऱ्यात अडकून राहते, वर पालवी दिसते आणि खाली पकड नसते. पाच-सहा वर्षांनी जोराचे वारे आले की ते कलते. म्हणून कलम घेताना पिशवीचे बूड पाहावे. मूळ भोकातून बाहेर पडून जमिनीत घुसले असेल तर उचलताना ते तुटते, असे कलम नाकारावे. लावताना पिशवी फाडून काढावी आणि तळाचे वेटोळे धारदार कात्रीने कापावे.

उसाच्या रोपांचेही तेच. एक डोळ्याची, ट्रेमधली रोपे आता सर्रास लावली जातात. महिना-दीड महिन्याचे रोप ओढून पाहावे. मुळे पांढरी, मातीचा गड्डा न फुटता सुटणारा, असे असावे. मुळे तपकिरी होऊन तळाशी गुंडाळलेली असतील तर रोप जुने झाले आहे. अशी रोपे स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत, कारण फुटवे कमी पडले की तो फटका वर्षभर सोसावा लागतो.

कुंडीखालच्या ताटल्यांबद्दल एवढेच की डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि त्याची अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने जिवंत राहतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून ताटल्या रिकाम्या कराव्यात आणि नुसत्या ओतून न ठेवता घासून काढाव्यात. मृगाच्या सुमारास तर त्या उचलूनच ठेवाव्यात. कुंडी फुटक्या कौलाच्या तीन तुकड्यांवर उचलून ठेवली की भोक मोकळे राहते आणि खालून मुंग्याही कमी चढतात. नवीन मातीची कुंडी मात्र भरण्याआधी एक रात्र पाण्यात बुडवून ठेवावी. कोरडी कुंडी पहिल्या दिवशी घातलेले सगळे पाणी स्वतःच पिऊन टाकते.